सुरमईचा उपास

संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात असतो आणि आमच्याकडे फोन सुरू होतात. आधी थंडीची चौकशी, मग आईच्या गुडघ्यांची, मग माझ्या पित्ताची आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता एकदम आठवल्यासारखं, "बरं, यंदा ईस्टर कधी येतोय रे?" विचारणाऱ्याला एकाएकी देवाधर्माची ओढ लागली असावी, असा माझा पूर्वी समज होता. वर्षभर ज्याला चर्चचा रस्ता रिक्षावाल्याला विचारावा लागतो, तो चुलतभाऊसुद्धा जानेवारीत ईस्टरची तारीख विचारतो तेव्हा त्याला तारीख नको असते, गादी हवी असते. गुड फ्रायडे, शनिवार, रविवार अशी सलग तीन दिवसांची सुट्टी, स्ट्रॉबेरीचा हंगाम अजून संपलेला नाही आणि महाबळेश्वरात हक्काचं, फुकटचं घर. पुनरुत्थानावर विश्वास बसायला माणसाला यापेक्षा जास्त काय लागतं?

महाबळेश्वरात घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लाल कौलांचा बंगला, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या आणि चहाची किटली येते. आमचं घर मार्केटच्या मागच्या उतारावर आहे. तीन खोल्या, एक पडवी आणि वर पत्रा. पावसाळ्यात भिंतींना बाहेरून गवत बांधून आम्ही आत जे बसतो ते दसऱ्यालाच बाहेर येतो. त्या चार महिन्यांत एकाही नातेवाइकाला आमची आठवण येत नाही. बुरशी आमची, स्ट्रॉबेरी सगळ्यांची.

इथं आम्ही आलो ते आजोबांमुळे. नगरकडच्या एका अमेरिकन पाद्रीसाहेबाचं कुटुंब उन्हाळ्यात इथं राहायला यायचं, त्यांचे खानसामा म्हणून आजोबा आले. मिशनऱ्यांची ती रीतच होती. मैदानातला उन्हाळा सोसेना झाला की सगळे डोंगर चढायचे. डोंगरही त्यासाठीच घेतलेला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा भाग घेतला, बदल्यात खंडाळा गाव दिलं आणि बाजारपेठेला त्यांचंच नाव पडलं, माल्कम पेठ. आजोबांनी इथं साहेबाकडून कॅरॅमल कस्टर्ड उचललं आणि चर्चमधून आजी. आजी कॅथलिक, त्यामुळे आजोबाही कॅथलिक झाले. मी पुन्हा नगरचीच, प्रॉटेस्टंट घरातली बायको केली. नगरचं अमेरिकन मिशन १८३१ चं आणि महाबळेश्वरचं होली क्रॉस चर्चही १८३१ चं. आमच्या घरात हे दोन १८३१ एकाच ताटावर जेवतात आणि मीठ कुणाचं जास्त यावर वाद घालतात.

तर तारीख. ईस्टरची तारीख पोपांना पत्र लिहून विचारावी लागते अशी माझ्या सहकारी शिक्षकांची समजूत आहे. आई ती कालनिर्णयवर काढते. २१ मार्च किंवा त्यापुढची पहिली पौर्णिमा बघायची आणि तिच्यानंतरच्या रविवारावर बोट ठेवायचं. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कुठंही पडतो आणि बहुतेक वेळा हनुमान जयंतीच्या मागोमाग येतो. २०२४ मध्ये मात्र होळीचीच पौर्णिमा लागू पडली. सोमवारी २५ मार्चला धुळवड, रविवारी ३१ ला ईस्टर. त्या वर्षी माझी पुण्याची भाची मिस्साला आली ती कानामागे हिरवा रंग घेऊन.

सांगतोय ती गोष्ट मात्र त्याच्या आदल्या वर्षीची, २०२३ ची. गुरुवारी ६ एप्रिलला हनुमान जयंती, शुक्रवारी ७ ला गुड फ्रायडे. गुरुवारी सकाळीच शेजारचे आबा सुंठवडा घेऊन आले. आबांची दीड एकर स्ट्रॉबेरी आहे आणि मारुतीवर श्रद्धा त्याहून मोठी. "मास्तर, पावणं किती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अकरा." आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुखवट्याला आलेला माणूस ठेवतो, तसा.

दादा आणि वहिनी गुरुवारी रात्रीच आले. ते भाईंदरला राहतात, त्यामुळे पोलादपूरवरून आंबेनळी घाटानं चढतात. वहिनी उत्तनची, कोळीवाड्यातली. तिच्या सामानात कपड्यांची एक पिशवी असते आणि बाकी सगळं थर्माकोलच्या पेट्यांत. एका पेटीत सुरमई, एकीत कोलंबी, शिवाय वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील आणि बियरच्या जुन्या बाटलीत दाबून भरलेला, वर्षभराचा बॉटल मसाला. गाडीचं दार उघडलं तेव्हा समोरच्या लॉजवरचं मांजर पहिल्या मजल्यावरून खाली आलं.

इथं उपासाचा नियम सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्यावर उभा आहे. गुड फ्रायडेला कॅथलिक माणसानं उपास करायचा. उपास म्हणजे दिवसातून एकदा पोटभर जेवायचं आणि आणखी दोनदा थोडंसं खाल्लं तर चालतं. पण त्या दोन थोड्यांची बेरीज एका पोटभरीइतकी होता कामा नये. हा नियम ज्यानं केला त्याला आमच्या घरातली माणसं आधीच माहीत असावीत. शिवाय मांस वर्ज्य. ते चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून मरेपर्यंत. उपास मात्र अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंतच. आणि मासे हे मांस नव्हे.

दादा आयुष्यभर विम्याच्या धंद्यात होता. त्याला बारीक अक्षरातलं आधी दिसतं. शुक्रवारी सकाळी त्यानं उपम्याची दुसरी वाटी पुढे केली तेव्हा आईनं नुसतं बघितलं.

"मला फेब्रुवारीत साठावं लागलं," दादा म्हणाला.

"एकोणसाठ पुरी झाली तुला."

"म्हणजेच साठावं लागलं. नियमात तसंच आहे. फादरना विचार."

आईनं फादरना विचारलं नाही. कारण तिला उत्तर माहीत होतं. पण ऐंशीच्या घरातली बाई सकाळपासून निव्वळ चहावर आणि साठाव्यात पदार्पण केलेला तिचा मुलगा उपम्यावर, हे दृश्य आमच्या पडवीत बराच वेळ टिकलं. उपमा संपला तरी टिकलं.

दुसऱ्या खुर्चीत माझे सासरे होते. नगरहून आदल्या दिवशी एसटीनं आलेले, निवृत्त मुख्याध्यापक, पांढराशुभ्र बुशशर्ट, मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल. त्यांच्या मंडळीत उपासाचा लेखी नियमच नाही, म्हणून ते तीन वाजेपर्यंत काहीच खात नाहीत. नियम असला की पळवाट सापडते. नसला की माणूस अडकतो. नगरला असते तर बारा ते तीन चर्चमध्ये येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेला बसले असते. सात उद्गार, सात बोलणारे, प्रत्येकाला दहा मिनिटं. आणि पाचवा उद्गार, तहानेचा, येईपर्यंत सगळ्या मंडळीला त्यावर प्रवचनाची गरज उरत नाही. तसं ते दरवर्षी सांगतात. आमच्याकडे विधी दुपारी तीनला असतो, त्यामुळे ते बारा ते तीन पडवीत कोऱ्या चहावर बसतात आणि सातही उद्गार मनात म्हणतात.

बारा वाजता वहिनीनं तवा ठेवला.

सुरमईचे तुकडे तिनं सकाळीच हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून ठेवले होते. त्यावर बॉटल मसाला, लसूण, मग तांदळाचं पीठ आणि रवा. तेल तापलं, पहिला तुकडा पडला आणि तो चर्र आवाज पडवीत पोचला तेव्हा सासरेबुवा बहुधा तिसऱ्या उद्गारावर असावेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जावईबापू, हा उपास आहे?"

"पप्पा, मासे मांसात धरत नाहीत."

"हं. सुरमईला विचारलंत?"

वहिनी आतून म्हणाली, "पप्पा, आमच्या उत्तनला मासे रोजचेच. मासे सोडून भाजी केली तर ती आमची मेजवानी होईल. तेवढा खर्च उपासाच्या दिवशी करायचा का?"

याला उत्तर नव्हतं. सासरेबुवांनी शास्त्राचं पान उलटलं. घरात दरवर्षी हाच प्रकार होतो: चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात जे मिळत नाही, ते सगळ्यात दुःखाच्या दिवशी मिळतं. चाळीस हा आकडाही तसा समजुतीचा. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर भरतात शेहेचाळीस, कारण रविवार धरत नाहीत. माझे वडील हयात असताना ते चाळीस दिवस मटण सोडायचे आणि सहाही रविवारी न चुकता खायचे. बाकीच्या वर्षात आमच्याकडे मटण महिन्यातून दोनदाच असे, तेव्हा हिशेब करा.

इकडे ही शांतता आणि तिकडे पुण्याची बहीण रस्त्यावर. तिचे फोन येत होते. नऊ दहाला सुरूर फाटा. साडेदहाला वाई. बाराला पसरणी घाटात तिसऱ्या वळणावर, सव्वाबाराला त्याच वळणावर. एकला दांडेघरचा नाका. पाचगणीत मुलांना मक्याचं कणीस, मोठ्यांना कॉर्न पॅटिस, "उपास आहे पण काय करणार, एसी बंद पडला." अडीचला गुरेघर. गुड फ्रायडेच्या दिवशी सगळं पुणे आणि अर्धी मुंबई तिथं असते. मॅप्रो गार्डनचा स्ट्रॉबेरी महोत्सव याच ईस्टरच्या सुट्टीत भरतो, त्यामुळे साधारण महाराष्ट्राला आता ईस्टर म्हणजे क्रीम घातलेल्या स्ट्रॉबेरीचा सण वाटतो आणि त्यांचं काही चुकतही नाही. येणाऱ्या माणसाला जे दिसतं तेच तो सण म्हणून घरी नेतो. गुरेघरहून बहिणीनं विचारलं, "स्ट्रॉबेरी क्रीम चालेल ना रे? दूधच ते." मी म्हटलं, "तुझं पोटभर जेवण झालं की थोडंसं चाललंय?" ती म्हणाली, "ते मोजायला गाडी कुठंतरी थांबावी लागते."

मार्केटच्या तोंडावर एका होतकरू नेत्याचा फलक लागला होता. हात जोडलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरात गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा. तीनच्या विधीला जाताना आई त्या फलकापुढे क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बिचारा. तेराव्यालाही देत असेल."

चर्चमधलं फार सांगत नाही. त्या दिवशी घंटा वाजत नाही, वेदीवर कापड नसतं, मिस्सा नसते. लोक क्रूसाला नमन करून बाहेर येतात आणि बाहेर रस्त्यावर घोडेवाला एका काकूंना घोड्यावर चढवत असतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

बहीण साडेचारला पोचली. तिचे यजमान, आमचे पुण्याचे जावई, हिंदू घरातले; आषाढी-कार्तिकी न चुकता पाळणारे. उपास ही गोष्ट त्यांना आमच्याहून जास्त कळते. गाडीतून उतरले ते स्टीलचा मोठा डबा घेऊनच. त्यात साबुदाणा वडे, वरईचा भात आणि दाण्याची आमटी. "म्हटलं उपास आहे, तुमच्याकडे काही असेल नसेल," असं म्हणत त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि तिथंच त्यांना परातीतली सुरमई दिसली.

"हे काय?"

"उपासाचं," वहिनी म्हणाली.

जावई स्टुलावर बसले. "एकादशी दुप्पट खाशी म्हणून आमची चेष्टा होते. हे आधी नाही सांगितलंत कुणी," ते म्हणाले आणि एक तुकडा उचलला. मग सासऱ्यांनी साबुदाण्याचा वडा घेतला, कारण तीन वाजून गेले होते आणि वड्यात मांसही नव्हतं, मासाही नव्हता. दोन वडे झाल्यावर त्यांनी परातीकडे न बघता विचारलं, "तो शेपटीकडचा तुकडा कुणाला नको असेल तर… नुसता चवीला." तो उपास सोडण्याचा शेवटचा टप्पा असावा. असे चार टप्पे झाले.

शनिवार हा अंड्यांचा दिवस. आमच्या लहानपणी ईस्टरचं अंडं एकच असायचं. मुंबईहून कुणीतरी आणलेलं, बदामाच्या मार्झिपानचं, गुलाबी, वर साखरेची फुलं. आई ते सुरीनं पाच भावंडांत कापायची, आणि फुलाचा भाग कुणाला यावर आमचं निदान दोन दिवसांचं पुनरुत्थान व्हायचं. बागेत अंडी लपवून मुलांनी शोधायची, हे आम्ही ऐकलंही नव्हतं. पण भाचा आणि भाची ज्या शाळेत जातात तिथं ते करतात म्हणे. भाची म्हणाली, "मामा, एग हंट नसेल तर ईस्टर कसला?" ज्या मुलीला आदल्या दिवशीचा गुड फ्रायडे कणसाच्या रूपानं भेटला तिच्याशी काय वाद घालणार?

दोन डझन अंडी आणली, पांढरी. रंग बाजारात नव्हते, होळीचे उरलेले वापरू म्हटलं तर बायको अंगावर आली. मग सासऱ्यांनी तोडगा काढला: कांद्याची सालं. त्यांच्या लहानपणी मिशनच्या बंगल्यावर असंच करायचे. सालं घालून पाणी उकळलं, अंडी सोडली, आणि बघता बघता पांढरी अंडी छान तांबूस-तपकिरी झाली. इतकी छान की दुपारी आबा डोकावले आणि म्हणाले, "गावरान? कशी दिली डझन?" गावरान अंडं पांढऱ्याच्या दुप्पट भावानं जातं. रंगवून आम्ही अंड्यांची किंमत वाढवली होती, पण ती सजवल्यासारखी कुणालाच दिसेनात. शेवटी अर्धी बिटाच्या पाण्यात घातली. ती जांभळट झाली, आणि त्यांना कुणी गावरान म्हणालं नाही.

उकडण्याचं काम वहिनीकडे. मोबाइलमध्ये घड्याळ लावून बरोब्बर आठ मिनिटं. भाईंदरला आठच लागतात. मी बोललो होतो की इथं जरा जास्त लागतील. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवर आहे. इथं पाणी शंभर अंशांपर्यंत जातच नाही, पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळायला लागतं. खदखदा उकळतंय असं दिसतं, पण खरं तर ते अजून विचारात असतं. डाळ, भात, मटण, सगळ्यालाच इथं वेळ लागतो. म्हणून तर घरोघरी कुकर. वहिनी म्हणाली, "भाऊजी, शिकवणं सोमवारपासून." मी गप्प बसलो. पुढे जे झालं त्याची जबाबदारी विज्ञानाची नाही.

संध्याकाळी आबांनी स्ट्रॉबेरीचा क्रेट आणून दिला. एप्रिलमधली, बारकी, पार पिकलेली. मोठी फळं डिसेंबर-जानेवारीची, ती डब्यात वरच्या थराला बसून पुण्या-मुंबईला जातात. हंगामाच्या शेवटची ही बारकी जॅम आणि सिरपच्या कारखान्यांत जातात, नाहीतर आमच्यासारख्यांच्या घरी. गोडी मात्र यांचीच. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आबा फळाकडे जरा अदबीनं बघतात, पण खाताना मीठ आणि लाल तिखटच लावून खातात. क्रीमचं नाव काढलं तर म्हणतात, "ते पर्यटकांचं पथ्य हाय." भाचीला त्यांच्या वावरात जाऊन फळं तोडायची होती, येताना वाटेत तिनं माणशी दर लावलेली पाटी बघितली होती. आबा हसत सुटले. "पैसं देऊन तोडायची? आवो, तोडायचं पैसं मी देतो बायांना. या पोरीला सकाळी सातला पाठवा, रोज लावतो."

रविवारच्या जेवणाचा तह शनिवारी दुपारीच झाला होता. दादाला डुकराचं इंद्याल आणि फुगे हवे. वहिनी फुग्यांचं पीठ आंबवायला ठेवून आली होती, म्हणजे आंबवून विचारायला आली होती. सासऱ्यांना नगरी पद्धतीचा मटणाचा काळा रस्सा आणि बाजरीची भाकरी. जावई मटण खातात, इंद्यालाबद्दल त्यांनी "तसं काही नाही, पण आईला कळवू नका" एवढंच म्हटलं. आईचं म्हणणं, काहीही करा पण आजोबांचं कस्टर्ड झालं पाहिजे आणि रश्श्यात इथले लाल बटाटे पडले पाहिजेत. त्या बटाट्यांचाही इतिहास आहे: कंपनी सरकारनं एकोणिसाव्या शतकात इथं चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते, आणि विलायती भाज्या, बटाटे पिकवण्याचं काम त्यांनी केलं. म्हणजे आमच्या रविवारच्या पातेल्यात चीन, अमेरिका, नगर आणि उत्तन असे चौघे शिजतात आणि उंचीमुळे चौघांनाही वेळ लागतो.

रात्री जागरणाची मिस्सा. चर्चचे सगळे दिवे बंद करतात, बाहेर शेकोटी पेटवतात, तिच्यावर मोठी मेणबत्ती लावून आत नेतात आणि तिच्यावरून प्रत्येकाची. आमच्याकडचा वारा मात्र या विधीत सामील व्हायला दरवर्षी येतो. मोठी मेणबत्ती दारापर्यंत गेली, विझली. पुन्हा शेकोटी, पुन्हा दार, पुन्हा विझली. चौथ्या वेळी जावयांनी मदत म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला आणि बहिणीनं तो अंधारातच त्यांच्या खिशात कोंबला; खिसा बराच वेळ चमकत राहिला. शेवटी आत पोचलेल्या ज्योतीवर आईनं आपली मेणबत्ती लावली आणि दुसरा हात तिच्याभोवती धरला. बोटं लाल दिसत होती, कडेनं कंदिलाच्या काचेसारखी. तिच्यावरून आम्ही बाकीच्यांनी लावल्या. मग तीन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम सुटल्या आणि दादा माझ्या कानात म्हणाला, "बारा वाजले ना? म्हणजे इंद्याल गरम करायला हरकत नाही." वाजले होते साडेअकरा. घरी जाईपर्यंत बारा झाले. कसे ते विचारू नका, घड्याळ दादाकडे होतं.

रविवारी पहाटे सासऱ्यांना सूर्योदयाची उपासना हवी होती. नगरला ती उघड्यावर होते. मी त्यांना विल्सन पॉइंटला नेलं, इथला सगळ्यात उंच. आमच्या आधी तिथं शंभर-सव्वाशे माणसं होती, प्रत्येकाची सूर्याकडे पाठ आणि हात लांब करून धरलेला फोन. पप्पा शांतपणे म्हणाले, "मंडळी मोठी आहे," आणि त्या गर्दीत उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. शेजारच्या मुलानं त्यांना चुकून फोटोत घेतलं, मग आवडले म्हणून मुद्दाम घेतलं.

आम्ही परत येईपर्यंत सात वाजले. दादानं अंडी बागेत लपवून ठेवली होती. बाग म्हणजे मागचा उतार, एक जांभूळ, दोन पेरू, दगडी बांध आणि पत्र्याची पन्हळ. चोवीस अंडी, चोवीस जागा. दादानं कागदावर यादी केली होती. विम्याचा माणूस. मुलं पडवीत डोळे झाकून उभी. "एक, दोन, तीन!"

मुलं धावली. पेरूखाली काही नाही. बांधात काही नाही. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही लोकांनी लपवलीच नाहीत." दादा यादी घेऊन फिरला, यादी बरोबर होती, अंडी नव्हती. तेवढ्यात पत्र्यावर धडधड झाली आणि आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

दहा-बारा माकडं होती. एक मोठा बोक्या पन्हळीवर बसून जांभळं अंडं दोन्ही हातांत फिरवत होता, सराफानं हिरा बघावा तसा. एकीनं पोराला पोटाशी धरून तपकिरी अंडं पत्र्यावर टोक टोक आपटलं, कवच सोललं, चावा घेतला आणि तोंड वाकडं केलं. भाईंदरची आठ मिनिटं. आतलं पिवळं तिच्या हनुवटीवरून ओघळलं. तिनं अंड्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि ते सोडून दिलं. खाली, विल्सन पॉइंटवरून नुकते आलेले, पांढऱ्याशुभ्र बुशशर्टातले माझे सासरे उभे होते.

कुणी हसलं नाही. म्हणजे जावई आत जाऊन हसले.

सासऱ्यांनी शर्टाकडे बघितलं. "किती मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"आठ," वहिनी म्हणाली.

"दहा हवी होती."

आवाज ऐकून आबा बांधावर आले होते. मला जरा काळजी वाटली. तीन दिवसांपूर्वी त्यांनी मारुतीला सुंठवडा ठेवला होता. मारुतीरायाच्या सोयऱ्यांनी आमच्या अंगणात बसून अंडी खावीत आणि ती आम्ही उकडून, रंगवून दिलेली असावीत, हे त्यांना कसं वाटेल? आबांनी डोळ्यांवर हात धरून पत्र्याकडे नीट बघितलं. पन्हळीवरचा बोक्या तिसरं अंडं सोलत होता.

"ही आपली न्हाईत मास्तर," आबा म्हणाले. "आपली अंड्याला शिवत न्हाईत. ही सुट्टीला आल्याली दिसत्यात."

बहिणीनं रडणाऱ्या भाचीला आत नेलं. बायकोनं सासऱ्यांसाठी माझा शर्ट काढला, तो त्यांना घट्ट होणार हे तिला माहीत होतं आणि मलाही. वहिनीनं काही न बोलता मोठं पातेलं घेतलं, पाणी ओतलं, कांद्याची उरलेली सालं टाकली आणि मला म्हणाली, "भाऊजी, बारा मिनिटं लावते. किती ठेवू, एक डझन?"

आई पडवीतून वर बघत होती.

"दोन ठेव," ती म्हणाली. "ती अजून बसलीयत."